उंच पलंगाचा त्याग

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

आमच्या घरात आज एका साधूचा जन्म झाला. वय सदुसष्ट, अंबरनाथ एमआयडीसीतला निवृत्त फोरमन, माझा नवरा महेंद्र. विहारातून परत आला, पांढरा सदरा हँगरला लावला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "माया, या वर्षावासात अष्टशील पाळीन म्हणतो. पूर्ण तीन महिने."

"पाळा की. मी कुठे आडवी येतेय?"

"नाही, म्हणजे त्यात उंच पलंग चालत नाही. मी हॉलमध्ये चटईवर झोपेन."

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात, तो वर्षावास. आम्ही संसारी माणसं एरवी पंचशील म्हणतो, आणि पौर्णिमेला कुणाला उत्साह आला तर एका दिवसापुरतं अष्टशील घेतो. त्या आठांत उंच, ऐसपैस शय्या वर्ज्य आहे. ब्रह्मचर्यही आहे. तो शब्द महेंद्रने उच्चारला नाही, पण त्याचे कान लाल झाले.

आमचा पलंग उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. शिसवी म्हणून विकला आणि पहिल्याच पावसाळ्यात आतलं प्लायवुड फुगून बाहेर आलं. त्याला कुणी राजशय्या म्हणत असेल तर पलंगानेच आभार मानावेत.

खरं कारण मला कळत नाही असं नाही. कारण परवाचं आहे. लिहायचं नव्हतं, पण वही माझी आहे आणि कपाटाची किल्लीही माझ्याकडेच आहे.

दोन वर्षांपूर्वी मला शोग्रेन निघाला. आपल्याच शरीरातले पोलीस आपल्याच ग्रंथींवर लाठीमार करतात, असा हा आजार. डोळे कोरडे, तोंड कोरडं. धाकट्या नणंदेच्या मयताला माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेव्हापासून सासरच्यांनी मला दगडाच्या जातीत घातलं आहे. डॉक्टर दर खेपेला डोळे विचारतात, तोंड विचारतात, मग बोटं, मग थेट गुडघे. जणू बाई कमरेपाशी संपते आणि गुडघ्यापासून पुन्हा सुरू होते. मधल्या प्रदेशातही दुष्काळ पडतो, हे कुणाच्या गावी नाही.

परवा मी ओठ चावून पडून राहिले. हूं की चूं केलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ब्रिजिटने आम्हाला एवढं एक फार पक्कं शिकवलं होतं. महेंद्र म्हणाला, "दुखतंय का गं?" मी म्हटलं, "छे, डास चावला." तो बाजूला झाला आणि सकाळपर्यंत छताकडे बघत राहिला.

सकाळी उठून त्याने माझ्या उशीचा अभ्रा धुतला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसाने रुमालसुद्धा धुतलेला नाही. मी म्हटलं, याला काय झालं? आज उलगडा झाला. वैराग्याची तयारी चालली होती.

नकोशी झाले आहे, एवढंच. पण ते सांगायला थेट त्रिपिटक कशाला मध्ये आणायचं?

१८ जुलै, शुक्रवार

साधूचं लेखापरीक्षण केलं.

अष्टशीलात दुपारनंतर जेवायचं नसतं. काल रात्री साधूने पिठलं-भाकरी खाल्ली, वर ठेचा मागितला. विचारलं तर म्हणे, बीपीची गोळी उपाशी पोटी चालत नाही. नाचगाणं-तमाशा बघायचा नसतो. रविवारची अख्खी मॅच बघितली, पंचांना शिव्याही दिल्या. सुगंधी वस्तू वर्ज्य. अंघोळीनंतर मानेवर पावडर आहेच. म्हणजे आठांतली दोनच शीलं काटेकोर चालू आहेत. पलंगाचं आणि दुसरं ते.

धम्माबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, तेव्हा माझे वडील शाळकरी होते. तक्रार आहे ती महेंद्रबद्दल.

चटई त्याने हॉलच्या मधोमध अंथरायची, तिथे पंखा आहे. पण नाही. बेडरूमच्या उंबऱ्याला लागून अंथरली आहे, डोकं माझ्या बाजूला. दारही लावू देत नाही. मी घोरते त्याचा पुरावा गोळा करत असणार. झोपायच्या आधी पाण्याचा थर्मास भरून माझ्या उशाशी ठेवतो, कारण माझं तोंड रात्री कागदासारखं होतं. मी आभार मानत नाही. भिक्खूंना आभार मानलेले चालत नसावेत.

२ ऑगस्ट, शनिवार

उल्हासनगरला डॉक्टरांकडे. संधिवाताचे डॉक्टर शनिवारीच बसतात, त्यामुळे बदलापूरपासून कल्याणपर्यंतचे सगळे सांधे त्या दिवशी तिथे जमतात. एसी असा लावलेला, की पेशंट नसून कुल्फ्या ठेवल्यात. पाच मिनिटांत माझी बोटं पांढरी झाली, मग निळी. थंडीने होतात अशी, तोही याच आजाराचा प्रसाद. महेंद्रने सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात स्वतःच्या तळव्यांत घेतले आणि चोळत बसला. ब्रह्मचर्यात बोटं धरलेली चालतात का, हे विहारातल्या भन्तेजींना विचारायला हवं.

शेजारी एक मुलगी होती. तिशीच्या आतली, स्टिरॉइडने चेहरा गोल झालेला, गालांवरचे लाल चट्टे मेकअपखाली दडपलेले. आमच्या हातांकडे बघत होती.

"काकू, तुमचं कोणतं?" लग्नात 'तुम्ही मुलीकडचे का?' विचारतात ना, तसं.

"शोग्रेन."

"माझा लुपस, तुमच्या शोग्रेनचाच भाऊ. मी ऋतिका. बेलवलीला राहते." मग महेंद्र चहा आणायला गेल्यावर हळूच, "काका किती करतात तुमचं! माझे मिस्टर आधी यायचे. आता बोलतात, तू जा ना रिक्षाने."

"का? रिक्षा मिस्टरांपेक्षा जास्त बोलते का?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला हेवा वाटला. काय ते पाणी! लग्नाला दीड वर्ष झालंय. डॉक्टरांनी सांगितलं, आजार निदान सहा महिने शांत राहू दे, तोवर दिवस राहता कामा नयेत.

"पण कसं नाही राहू द्यायचे ते नाही ना बोलले, काकू. नेटवर वाचलं, लुपसमध्ये साधी गोळी घेतली तर क्लॉट होतो. मग मी सुयोगला जवळच येऊ नाही दिलं. आठ महिने झाले. आता तो बोलतच नाही, मोबाइल घेऊन तोंड फिरवून झोपतो. सासूबाई वेगळ्याच, गोड बातमी कधी, गोड बातमी कधी. काय सांगू त्यांना, यहाँ तो नमक भी नहीं है!"

"डॉक्टरांना का विचारलं नाहीस?"

"शरम वाटते ना. ते पण खालीच बघतात."

माझं डोकं फिरलं. मी टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं काढली. नवरा-बायकोचं धड ऐकू येत नव्हतं तेव्हा मध्ये बसून लाइन जोडून दिली आहे. तिचा नंबर लागला तशी तिचं मनगट धरून आत घेऊन गेले. फाइल सांभाळायला महेंद्रही मागोमाग.

"डॉक्टर, हिला मूल नको असं तुम्ही सांगितलंत. ते कसं टाळायचं हे कोण सांगणार? बेलवलीचा रिक्षावाला?"

डॉक्टर तरुण आहे. आधी कानापर्यंत लाल झाला, पण मग खुर्ची पुढे ओढून त्याने नीट सांगितलं. गोळी सगळ्यांना बंद नसते, रक्त गोठण्याच्या तपासण्या बघून ठरवतात. तांबी चालते. निरोध तर आजच चालतो. आणि आजार शांत असताना जवळ येण्याने लुपस बिघडत नाही. ऋतिका इतकी मान हलवत होती की निखळून पडेल असं वाटलं.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि मॅडम, तुम्हाला? शोग्रेनमध्ये कोरडेपणा तिकडेही येतो. मी आधीच विचारायला हवं होतं. काही त्रास?"

"मला? डॉक्टर, मी आजी आहे!"

आजी असणं हे त्यावरचं औषध असावं अशा थाटात मी ते म्हटलं. महेंद्र पाठीमागे उभा होता. त्याच्यासमोर काय सांगायचं? आणि सांगून तरी काय, गिऱ्हाईकच संन्यासाला गेल्यावर दुकान का उघडायचं?

बाहेर आल्यावर मी रक्त द्यायला गेले. महेंद्र फाइल आत राहिली म्हणून पुन्हा केबिनमध्ये शिरला. फाइल माझ्या काखेत होती. म्हातारा झाला, दुसरं काय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ऋतिकाचा फोन. आवाज एकदम तिखटमिठाचा.

"काकू, मी बोलले सुयोगला. सगळं. तो काय बोलला माहितीये? त्याला वाटलेलं मला तो आवडत नाही. आणि मला वाटलेलं, माझं तोंड असं भोपळ्यासारखं झालं म्हणून त्याला मी नाही आवडत. दोघं पागल!"

"दोघांना एकत्र चपला मारायला हव्यात," मी म्हटलं. "एका घरात राहून एवढं विचारता येत नाही? जीभ काय फक्त पाणीपुरीला दिलीय?"

"हो ना," ती म्हणाली. मग, "काकू, रागावू नका हं. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी इतकं विचारलं. मग डॉक्टरने तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही छताकडे का बघत होता?"

मी म्हटलं, छताला पोपडे आले होते. आणि दुधाचं निमित्त करून फोन ठेवला.

आजकालच्या मुलींना वडीलधाऱ्यांशी बोलण्याची पद्धत राहिलेली नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

तरीही गेले. महेंद्रला सांगितलं, दातांचं आहे.

आधी अंबरनाथ पूर्वेलाच एका जुन्या डॉक्टरांकडे गेले होते, मागच्या आठवड्यात. ते म्हणाले, "आता या वयात कशाला ते सगळं, ताई? देवाधर्मात मन रमवा." मी म्हटलं, आमच्याकडे मन रमवण्याचं खातं एका माणसाने आधीच घेतलंय. त्यांना समजलं नाही. फी मात्र समजून घेतली.

आज ऋतिकाने बदलापूरच्या एका लेडी डॉक्टरकडे नेलं. बाहेर बसून माझी पर्स सांभाळली, वर मला बळ येण्यासाठी बाकरवडी दिली. शोग्रेनवाल्या बाईला बाकरवडी म्हणजे घशात वाळूची गोणी, पण भावना पोहोचली.

ही डॉक्टर खाली बघत नाही, तोंडाकडे बघते. मी सुरुवात केली, "डॉक्टर, मला तिथे..." आणि शब्दच मिळेना. कॉन्व्हेंटने दिलेल्या शब्दांत तो भाग अस्तित्वातच नाही. मराठीत एक शब्द शिवीतला, दुसरा थेट संस्कृत श्लोकातला. मी हात हलवला. तिला कळलं. तपासताना आधी सांगत होती, आता हात लावते, दुखलं तर थांबवा. थांबवा! बासष्ट वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

म्हणाली, पाळी गेल्यावर कातडी पातळ होते, त्यात तुमचा आजार, म्हणजे दुष्काळात तेरावा. आठवड्यातून दोनदा एक क्रीम आतून लावायचं. कोरडेपणासाठी वेगळं एक मॉइश्चरायझर, ते नेहमीच. वेळेवर जेली. साबण बंद. घाई नाही, आणि करायलाच हवं अशी सक्तीही नाही. दुखलं की थांबायचं.

"मिस्टरांशी बोललात?"

"ते सध्या भिक्खू आहेत."

ती हसली नाही. म्हणाली, "मग त्यांनाच आधी विचारा, का झाले."

माझी फी आणि वर प्रश्नही मीच विचारायचा!

१४ सप्टेंबर, रविवार

क्रीम आणि ते मॉइश्चरायझर बदलापुरातच घेतलं. जेली राहिली होती. ती अंबरनाथला घेणं अशक्य. आमचा मेडिकलवाला महेंद्रबरोबर मॅच बघतो. म्हणून उल्हासनगर. तिथे मला कुणी ओळखत नाही.

दुकानात ही गर्दी. गल्ल्यावर जाडजूड सिंधी गृहस्थ, गिऱ्हाईकं त्यांना 'साईं, साईं' म्हणतायत. मी मान ताठ ठेवून, सिस्टर ब्रिजिटच्या इंग्रजीत, जेली मागितली.

"कौनसा फ्लेवर, आंटी?" अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. "स्ट्रॉबेरी है, चॉकलेट है..."

"मला जेवायचं नाहीये!"

मागे कुणीतरी खोकलं. तेवढ्यात गृहस्थांच्या बायकोने त्यांना कोपराने बाजूला सारलं. "आंटी, प्लेन लो. फ्लेवरवाला चुभता है. मैं भी प्लेन ही लेती हूँ." आणि पेपरात न गुंडाळता, साबणाची वडी द्यावी तशी, ट्यूब माझ्या हातात ठेवली. गृहस्थ कॅल्क्युलेटरमध्ये तोंड खुपसून उभे.

आता ट्यूब माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सीलबंद. क्रीम चालू केलं आहे. कोरडं दुखणं कमी वाटतं, बसता-उठताना टोचत नाही. निदान माझ्यापुरतं तरी बरं झालं.

वर्षावास संपायला अजून तीन आठवडे आहेत. संपला की तो आपणहून येईल. नाही आला तर मीही विचारणार नाही. भीक मागण्याचा हक्क शेवटी भिक्खूचा.

२ ऑक्टोबर, गुरुवार. धम्मचक्र प्रवर्तन दिन

आज विहारात खिरीच्या पातेल्यापाशी विठाबाईने मला धरलं. तिच्याकडे विहाराची किल्ली असते, त्यामुळे आपल्याला सर्वांचं सगळं माहीत आहे असं तिला वाटतं. वाईट म्हणजे, असतं.

"महेंद्रभाऊ वाळले का गं?"

"अष्टशील चाललंय तीन महिन्यांचं. चटईवर झोपतात."

विठाबाईने डाव खाली ठेवला. "कुठलं अष्टशील? आषाढी पौर्णिमेला घेतलं ते एका दिवसाचं, आम्हा सगळ्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. तीन महिन्यांचं यंदा कुणीच नाही घेतलं. भन्तेजी बोलले पण, या वयात कुणी अंगावर घेऊ नका."

मी म्हटलं, "असेल, घरच्या घरी घेतलं असेल." आणि खीर वाढत राहिले. कुणाच्या वाटीत किती गेली, कळलं नाही.

म्हणजे शीलसुद्धा खोटं. माणसाला बायको इतकी नकोशी व्हावी की त्याने बुद्धाच्या नावावर थाप मारावी! तोंडावर सांगितलं असतं, माया, कंटाळा आला, तर मी काय खाल्लं असतं त्याला?

रात्री त्याने थर्मास ठेवला. मी तो उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. पहाटे घसा चिकटून जाग आली तर उशाशी पुन्हा होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार. अश्विन पौर्णिमा

लिहिते. बोटं ठीक नाहीत, तरी लिहिते.

सकाळी वर्षावासाची सांगता झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, फोटो, भोजनदान. दुपारी दोनला घरी आलो. माझ्या डोक्यात एकच, आता हा चटई गुंडाळतो की नाही.

महेंद्रने चटई झटकली आणि पुन्हा अंथरली. "मी म्हणतो, हीच बरी आहे. गुडघ्यांना सवय झाली."

मी साडी सावरली, खाली बसले आणि त्याच्या चटईवर आडवी झाले.

"अगं, काय करतेस? तुला उठता नाही येणार."

"मीही शील घेतलंय. विठाबाई म्हणाली, आजकाल घरच्या घरी मिळतात."

तो भिंतीला टेकून खाली बसला.

"माझा कंटाळा आला, तर तसं सांगायचं होतं," मी छताकडे बघून म्हटलं. आमच्या छतालाही पोपडे आले आहेत.

"अभ्र्यावर रक्त होतं, माया."

"काय?"

"त्या रात्री. तू ओठ चावला होतास. सकाळी बघितलं. तुला कळायच्या आत धुऊन टाकला." मग एकदम, त्याच्या मानाने फार मोठं बोलला. "तू सगळ्यांना नाही म्हणतेस. भाजीवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला. तुझ्या साहेबालासुद्धा म्हणायचीस. मला कधी म्हटलं नाहीस. दुखत असलं तरी डास म्हणतेस. म्हटलं, तुला नाही म्हणावंच लागू नये, अशी काहीतरी सोय करावी. डॉक्टरांना विचारलं त्या दिवशी. ते म्हणाले, त्यांनाच आपणहून बोलू द्या. मग थांबलो."

"खोटं शील घेऊन?"

"सहावं-सातवं खोटं असेल. पहिलं खरं पाळलं."

पहिलं म्हणजे पाणातिपाता. कुठल्याही प्राण्याला इजा करणार नाही.

"मी प्राणी?" मी म्हटलं.

"दुखलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "खूप. त्याआधीही दुखायचं." एवढं वाक्य मला बासष्टाव्या वर्षी पाठांतराशिवाय म्हणता आलं. नंतर बदलापूरची डॉक्टर सांगितली, क्रीम सांगितलं, ट्यूब सांगितली. फ्लेवरचं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली.

"पुन्हा दुखलं तर सांगशील?"

"ओरडून सांगेन. स्टेशनपर्यंत ऐकू जाईल."

"सांग."

डोळे जळायला लागले. रडू आलं की मला असंच होतं, पाण्याऐवजी वाळू येते. त्याला माहीत आहे. उठून फ्रिजवरचे ड्रॉप्स आणले, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक थेंब सोडला. गालावरून ओघळलेलं त्याने अंगठ्याने पुसलं. माझे अश्रू हल्ली औषधाच्या दुकानात मिळतात, पण गाल तेवढाच ओला होतो.

मग उठायची वेळ आली आणि मला उठता येईना. गुडघा अडकला, बोटं वळेनात. त्याने काखेत हात घालून ओढलं तर तोच माझ्यावर पडायच्या बेताला आला. दोन साधू चटईवर लोळतायत आणि बाहेर भरदुपार! शेवटी उंबऱ्यापलीकडे सरकून पलंगाचाच पाय धरून उठलो. प्लायवुड करकरलं, पण टिकलं.

पलंगावर दोघं मावलो. काही झालं नाही. तो घोरला. मी नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

ट्यूबचं सील काढलं.

एकदा "थांबा" म्हटलं. तो थांबला. मग मीच म्हटलं, "हं."

पुढचं या वहीला सांगणार नाही. तीही माझ्यासारखीच कॉन्व्हेंटातली आहे. चटई मात्र गच्चीवर पापड वाळवायला दिली.